रकाना सातवा

फॉर्मात अकरा रकाने. सातवा : हक्कधारक.
तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

टेप क्रमांक चारशे बारा, सत्तावन साल, फेब्रुवारी.
डब्यावर पेन्सिलीनं डॉक्टर ब्रेक्के यांचं तिरपं अक्षर :
तंबूतली बाई, वय अंदाजे तीस. पोराचं गाणं. मागे कुत्रा भुंकतो.
बाईचं नाव लिहायचं राहिलं.
कुत्र्याची नोंद चोख.

ट्रोम्सोच्या या तळघरात
मी असले आवाज काढते खरवडून,
धूळ वेगळी, खरखर वेगळी.
जूनच्या आत सगळं जगाला खुलं करा,
असं वरून पत्र आलंय.

हेआइका आला तेव्हा सकाळचे अकरा होते
आणि बाहेर मिट्ट काळोख, आमच्या डिसेंबरचा.
कौतोकेइनोहून रात्रभर बसमध्ये बसून आला होता.
टोपी मांडीवर ठेवून म्हणाला,
मला मी ऐकायचाय.

मी हेडफोन दिले.
तो ऐकताना हलला नाही.
कुत्रा भुंकला तिथे फक्त हसला. चाहप्पे, म्हणाला, चाहप्पे होता तो.
(मी नोंदवलं. कुत्र्याला आता नावसुद्धा आहे.)

आणि बाई?
रावद्ना. माझी आई.

मग मी माझं काम केलं. समजावून सांगितलं, जसं सगळ्यांना सांगते :
डॉक्टरांचा हक्क संपला. गाणारीचा गाणारी म्हणून संपला.
पण तिनं ते रचलं असेल तर ती गेली त्या सालापासून सत्तर वर्षं,
एकाहत्तर अधिक सत्तर,
म्हणजे दोन हजार एकेचाळीस संपेतो.
तुम्ही वारस. इथे सही करा.

त्यानं पेन हातात घेतलं, वजन केल्यासारखं,
आणि परत ठेवलं.
वारस नाही, म्हणाला.
वारसाला माणूस मेल्यावर मिळतं.
हे तिनं मला दिलं मी पाळण्यात असताना.
आणि हे माझ्यावरचं गाणं नाही. योइक कुणावर नसतो.
ती मला गायची नाही.
ती मी गायची.

माझ्या भाषेत हे वाक्य चुकीचं आहे.
त्याच्या भाषेत दुसरं वाक्यच नाही.

मी विचारलं, मग रचनाकार म्हणून काय लिहू?
यादी उघडली : लेखक, संगीतकार, कलावंत, पारंपरिक, अज्ञात.
'पारंपरिक'वर बोट ठेवलं की टेप लगेच मोकळी होते,
कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची,
कुणा हॉटेलाच्या लिफ्टमध्येही वाजू शकेल.
आवाजाचा सातबारा कोरा.

एकेचाळीस साली, तो म्हणाला, मी अठ्ठ्याऐंशीचा असेन.
तेव्हा मी सगळ्यांचा होणार, मी जिवंत असताना?
कायद्यात याचं उत्तर नाही. मी शोधलं, तो बसलेला असतानाच.
कॉफी निवत गेली.

मग त्यानं खरं काम काढलं.
स्वतःला स्वतः गायचं नसतं आमच्यात, म्हणाला,
ते मिरवणं होतं.
आणि ज्यांना मी येत होतो
ते सगळे आता जमिनीत आहेत.
शेवटची मावशी, मागच्या ऑगस्टात.

तुला येईल का?

माझा गळा बेसूर. शाळेच्या चर्चमध्ये
मला नुसते ओठ हलवायला सांगायचे.
तरी मी दार लावून घेतलं.
पहिली ओळ बरी आली. तिसऱ्या वळणावर चुकले.
तो बोलून दाखवू शकत नव्हता,
नुसता चमचा कपावर टेकवायचा : इथे नाही, इथे.
अकरा वेळा. तेरा वेळा.
चौदाव्यांदा त्यानं चमचा उचललाच नाही.

तो गेल्यावर मला सुचलं की ही नक्कल झाली.
विनापरवाना, पूर्ण लांबीची.
कुठल्या कलमात बसते ठाऊक नाही.

सातवा रकाना अजून रिकामा आहे.
रोज संध्याकाळी पाचला लाल पट्टी येते : नोंद अपूर्ण.
मी मसुदा जतन करते, दिवे मालवते
आणि जिन्यात,
कुणी वर नाही ना हे पाहून,
त्याला म्हणते.
नाही, चुकलं.
तो म्हणते.